पोचल्याची बॅटरी

बॅटरीआप्पांनी उभ्या आयुष्यात कुणाच्या तोंडावर बॅटरी मारली नाही. माणसाच्या नाही आणि जनावराच्याही नाही. अंधारात समोरून कुणी आलं की त्यांचा झोत आधी जमिनीवर उतरायचा, येणाऱ्याच्या पायांपाशी थांबायचा, आणि मग ते विचारायचे, "कोण गं?" किंवा "कोण रं?" चपला बघून निम्मं त्यांना आधीच कळलेलं असायचं. आमच्या भागात टॉर्चला बॅटरीच म्हणतात, आणि हातात बॅटरी आली की ती पहिल्यांदा समोरच्याच्या डोळ्यांत मारायची ही सगळ्यांची खोड. आप्पांना ती शिवी दिल्यासारखी वाटे. म्हणायचे, "डोळं दिपवून वळख काढायची म्हंजे काय? चोर हाय काय त्यो?"

हे मी मस्कतमध्ये बसून लिहिते आहे. इथल्या एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत मी काम करते, आज माझी सुटी आहे. आप्पांचं छातीचं ऑपरेशन झालं आणि आज त्यांना बेळगावच्या दवाखान्यातून गुंजीला घरी आणतायत. परवा त्यांचा मुलगा सुरेश याच्या फोनवरून ते माझ्याशी बोलले, आवाज अगदी बारीक. म्हणाले, घरी पोचलो की बॅटरी दावतो. तेव्हापासून माझा जीव त्या एका वाक्याला टांगलेला आहे. सुरेशचा निरोप आला, "निघालो." मग आला, "खानापूर सोडलं." त्यानंतर काही नाही. खानापूरहून गुंजीला पोचायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे, तो केव्हाच उलटून गेला. मधे रान आहे, रेंज जाते, हेही ठाऊक आहे. माझी शाळा सातवीत सुटली, लिहायला बसणं माझ्या सवयीचं नाही. पण हात रिकामे ठेवले की मन नको तिकडे जातं.

पोचल्याची बॅटरी म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. गुंजी स्टेशनकडून आमच्या वस्तीकडे जाताना आप्पांचं घर हे रानाआधीचं शेवटचं घर. तिथून पुढे उतार, खाली ओढा, मग पलीकडचा चढ, आणि चढावर आमची मोजकी घरं. मधलं सगळं रान. गवे तर नेहमीचेच, कधी अस्वल. पलीकडे जाणारा प्रत्येकजण आप्पांच्या अंगणातून जायचा. घरी पोचला की आपल्या अंगणात उभा राहून आप्पांच्या दिशेनं बॅटरी लावायचा आणि विझवायचा. इकडून आप्पा एकदा लावून विझवत. म्हणजे कळलं. ही रीत कुणी सुरू केली ते सांगता येत नाही, पण पाळली आप्पांनी. पलीकडच्या सगळ्यांच्या बॅटऱ्या दिसेपर्यंत ते जेवायला बसत नसत. शेवटची बहुतेक माझी असायची. ती दिसली की आत तोंड करून काकूंना सांगायचे, "पोचली. वाढ."

काकू मला एकदा म्हणाल्या, "लगीन माझं झालंय ह्यांच्याबरोबर आणि जेवाण मातर तुझ्या हातात."

वडील गेल्यावर मी काजूच्या कारखान्यात लागले. आई दम्यानं बेजार, ती अंगणापर्यंतसुद्धा येऊ शकायची नाही. संध्याकाळी कामावरून सुटून मी आप्पांच्या अंगणात यायची तेव्हा दिवेलागण झालेली असायची. आप्पा कट्ट्यावर बसलेले. मी काही बोलायच्या आत हात पुढे यायचा, "दाव बघू." मी माझी बॅटरी द्यायची. काजूच्या टरफलाचं तेल माझ्या बोटांना आणि बोटांचं बॅटरीला लागलेलं असायचं, ते आधी फडक्यानं पुसत. मग बुडाचं झाकण फिरवून सेल बाहेर काढत, अंगठ्यानं दाबून बघत, बुडाची स्प्रिंग ओढून बघत, परत घालून जमिनीवर उजेड पाडत. पसंत पडला तर "जा." नाही पडला तर स्वतःचे सेल काढून माझ्यात घालत आणि माझे आपल्या कौलांवर टाकत. उन्हानं ते पुन्हा थोडे जिवंत होतात अशी त्यांची खात्री होती, आणि होतही असत. त्यांच्या घराच्या कौलांवर उन्हाळ्यात सांडग्यांशेजारी सेल वाळत पडलेले मी बघितले आहेत.

त्यांची स्वतःची बॅटरी पितळी, तीन सेलची. तोंडाची कडी फिरवली की झोत लांब जाई किंवा पसरे. बुडाच्या झाकणात एक जादा बल्ब कापसात गुंडाळून ठेवलेला असे, कारण बल्ब उडायचा तो नेमका ओढ्यात. आप्पा बेळगावला एका फौंड्रीत नोकरीला होते, रोज रेल्वेनं जा-ये करत, आणि गाडीतही ती पिशवीत असे. पिशवीत चुकून बटण दाबलं जाऊन सेल जळू नयेत म्हणून एक सेल उलटा घालून ठेवत. घरी आल्यावर तो सुलटा करणं हे त्यांचं पहिलं काम, हातपाय धुणं नंतर.

त्या दिवसांत प्रत्येक बॅटरीचा उजेड वेगळा असायचा. आतली चकचकीत वाटी कुठं पोचे आलेली, कुठं काळी पडलेली, बल्बची तार कुठं तिरकी. त्यामुळं पलीकडच्या डोंगरावर एक पिवळा ठिपका उमटला की आप्पा लगेच सांगायचे कुणाचा. एकाच्या उजेडात मधोमध तीळ होता. एकाचा कडेनं कुरतडलेल्या भाकरीसारखा. आमच्या शेजारच्या पांडूमामाचा उजेड लागून जरा वेळानं मोठा व्हायचा, कारण त्यांचं बटण नीट बसायचं नाही आणि ते बॅटरीला थापट मारायचे. माझ्या उजेडाबद्दल विचारलं तर आप्पा हसायचे. "तुझा उजेड म्हंजे भ्यालेल्या वासराची शेपटी. लावल्यापासनं इजवूपत्तोर हालतंय." मला ते ऐकून वाईट वाटायचं. हात माझा थरथरायचाच. रानातून आलेली असायची, आणि घरात आईचा श्वास ऐकू येईपर्यंत ती थरथर जायची नाही.

(फोन बघितला. काही नाही.)

आप्पांच्या बॅटरीच्या नादाला एकच जोडीदार होता, बेळगावच्या शहापुरातला दुकानदार नेमण्णा. मूळचा निपाणीकडचा जैन माणूस, निम्मं मराठीत आणि निम्मं कन्नडात बोलायचा. शहापुरात गल्लीगल्लीत मागांचा खडखडाट, आणि त्यात त्याचं विजेच्या सामानाचं एवढंसं दुकान. आईला लुगडं घ्यायला म्हणून मी एकदा आप्पांबरोबर गेले होते. लुगडं राहिलं बाजूला. नेमण्णाकडे नव्या प्रकारची पांढऱ्या उजेडाची बॅटरी आली होती आणि दुपारच्या उन्हात ती बघायची कशी, हा प्रश्न पडला होता. नेमण्णानं आतून काळं घोंगडं आणलं, दोघांनी डोक्यावरून घेतलं आणि दुकानाच्या मधोमध बैठक मारली. बाहेरून फक्त चार पाय दिसत होते. फ्यूजची तार घ्यायला आलेली एक बाई ते बघून दारातच थबकली. आतून नेमण्णाचा आवाज, "बेळकु चलो ऐती, आप्पा." म्हणजे उजेड चांगला आहे. मग आप्पांचा, "चुन्यागत हाय." नेमण्णा म्हणाला, ह्याचा बल्ब उडतच नाही. त्यावर घोंगड्यात झाकण फिरवल्याचा आवाज आला. मग आप्पा म्हणाले, "मग झाकणात काय ठेवायचं?"

बाई माझ्याकडे बघून निघून गेली. तार नंतर घेईन म्हणाली.

चुन्यासारखा म्हणून नाक मुरडलं खरं, पण आप्पा त्या उजेडाच्या प्रेमात पडायला आठवडाही लागला नाही. नादी माणूस तो. मधल्या काळातल्या सगळ्या बॅटऱ्या त्यांच्या घरातून जाऊन आल्या होत्या: प्लास्टिकची, मागं पिना असलेली भिंतीत खोचून चार्ज करायची, दांडीत ट्यूबलाइटची नळी असलेली, कपाळाला बांधायची. कपाळाची लावून ते गोठ्यात गेले तेव्हा म्हशीनं दूध चोरलं. एकीला बटण तीनदा दाबलं की उजेड उघडझाप करायचा, ती त्यांनी परत केली, "मला वाट बघायची हाय, वरात काढायची न्हाय," म्हणून. पण ही पांढरी वेगळीच होती. पहिल्या संध्याकाळी त्यांनी ती अंगणातून पलीकडच्या डोंगरावर मारली आणि आमच्या गोठ्याचं दार तिकडून दिसलं. त्या रात्री काकूंना त्यांनी बळेच बाहेर आणून ते दार दाखवलं. आणि पुढच्या पगाराला नेमण्णाकडून पलीकडच्या प्रत्येक घरासाठी एकेक बॅटरी आणली. सगळ्या एकाच जातीच्या, एकाच रंगाच्या. कुणी अंधारात अडखळू नये, एवढाच विचार.

त्या दिवाळीला पलीकडचा डोंगर लखलखला, आणि आप्पांना आपली चूक दिसली ती पुढच्या पावसाळ्यात.

वादळानं तारा तुटून वीज गेलेली होती. माझ्या बॅटरीचं चार्जिंग अर्धवट झालेलं. आप्पांनी अंगणात नेहमीप्रमाणे लावून बघितली, उजेड पांढराशुभ्र, म्हणाले, "जा." जुनी बॅटरी जायच्या आधी सांगायची. पिवळी पडायची, मग तांबडी, मग निखाऱ्यासारखी, तोवर माणूस घरात. ही सांगत नाही. ओढ्याच्या अलीकडे ती एकदम गेली, डोळ्यांवर हात ठेवल्यासारखी. मी उभी राहिले. तेवढ्यात समोर पाण्यात काहीतरी फुरफुरलं. गवे होते. किती ते दिसत नव्हतं, फक्त श्वास ऐकू येत होते आणि वास येत होता. मागं फिरावं तर पायाखाली वाट नाही. मी एका जांभळीला पाठ लावून उभी राहिले आणि तोंडावर हात दाबून धरला.

त्याच वेळी पलीकडे पांडूमामाची बायको वासराला बांधायला बाहेर आली. तिनं बॅटरी लावली, वासरू बघितलं, विझवली. तीच जात, तोच पांढरा उजेड. आप्पांनी कट्ट्यावरून तो बघितला, इकडून एकदा लावून विझवली, आणि आत म्हणाले, "पोचली. वाढ."

पुढचं मला काकूंनी सांगितलं. आप्पांनी भात कालवला, पहिला घास तोंडात घातला, आणि हात तसाच ताटात राहिला. म्हणाले, "थिर हुती." काकूंना कळेना. "काय थिर हुती?" "बॅटरी. हालली न्हाय." काकू म्हणाल्या, नाही हालली तर बरंच की. आप्पा खरकट्या हातानं उठले. नवी बॅटरी उचलली, परत ठेवली आणि खुंटीवरची पितळी घेतली.

उतारावरून एक पिवळा उजेड जमिनीला धरून येताना मला दिसला. हाक मारायचा धीर होत नव्हता. तो माझ्या पायांपाशी येऊन थांबला. "मंगल न्हवं?" आप्पांनी विचारलं, माझ्या चपलांना. मी नुसता हात ओढ्याकडे केला. त्यांनी बॅटरी विझवली आणि माझ्याशेजारी खाली बसले. मी कानात म्हटलं, मारा की त्यांच्यावर उजेड, जातील. आप्पा म्हणाले, "त्येस्नी बी डोळं हाईत. पाणी पिऊन जात्यात, बस." आम्ही अंधारात बसून राहिलो. त्यांच्या हाताला आमटीचा वास येत होता. गवे सावकाश गेले. मग त्यांनी मला पलीकडे घरापर्यंत पोचवलं आणि आमच्या अंगणातून आपल्याच घराकडे बॅटरी लावून विझवली. पलीकडून काकूंनी लावली. आप्पांच्या अंगणात काकूंच्या हातात बॅटरी मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी गणपतीच्या आराशीतला रंगीत पारदर्शक कागद शोधून काढला. तांबडा, हिरवा, निळा, पिवळा. पलीकडच्या सगळ्यांना बॅटऱ्या घेऊन बोलावलं आणि प्रत्येकीच्या काचेच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी चिकटवली, म्हणजे उजेडाला त्या रंगाची कड येईल. पांडूमामानं तांबडी नको म्हणून हट्ट धरला, त्यांना हिरवी दिली. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी बॅटरी तशीच परत दिली. "तुझ्याला कागूद नको. तुझी हालतीया की." त्या दिवसानंतर माझा हात थरथरतो याचं मला वाईट वाटलेलं नाही.

आई गेल्यावर मी इकडे यायचं ठरवलं. निघायच्या दिवशी आप्पा गुंजी स्टेशनवर आले आणि गाडी हलता हलता त्यांनी ती पितळी बॅटरी माझ्या पिशवीत घातली. नको म्हणायलाही वेळ दिला नाही. विमानतळावर तपासणीवाल्यांनी ती उघडायला लावली. झाकणातून एक सुपारी घरंगळत बाहेर आली आणि तपासणाऱ्या बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. आप्पांनी त्या बॅटरीत न उडणारा नवा बल्ब बसवला होता, आणि जादा बल्बाची जागा रिकामी राहू नये म्हणून सुपारी. मला तिथं हसूही आलं आणि रडूही. सेल उलटा घातलेला होता, तोही त्या बाईंनी काढून बघितला.

इथं पोचल्या संध्याकाळी मी त्यांना व्हिडिओ कॉल केला. सुरेशनं फणसाखाली जाऊन रेंज धरली. आप्पांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "दाव की." मला आधी कळलंच नाही. मग मी घाईघाईत हातातली पितळी लावली आणि विझवली. ते आत ओरडले, "पोचली. वाढ." तेव्हापासून कामावरून खोलीवर आले की हे रोजचं आहे. खोलीतल्या केरळच्या मुली आधी हसायच्या, आता त्याच आठवण करतात. एकदा सेल संपले म्हणून एका मुलीच्या फोनचा उजेड लावून दाखवला तर आप्पा नाराज झाले. "फोनचा उजेड सांडतोय नुस्ता. लांब जात न्हाय." मी म्हटलं, आप्पा, मस्कतहून गुंजीला आलाय, अजून किती लांब जायला पाहिजे? "तरी बी," म्हणाले.

इथं अजून ऊन आहे. गुंजीला आता अंधार पडला असेल. खोलीत सगळ्यांची दुपारची जेवणं केव्हाच झाली, माझं ताट झाकून ठेवलेलं आहे, भूक नाही असं मी सांगितलं. सुरेशचा फोन लागत नाही. दवाखान्यात आप्पांना बघून आलेल्या एकानं सांगितलं होतं की आप्पा ओळखू येत नाहीत. ते वाक्य मी मनातून काढू शकत नाही. वाटेत काही झालं असेल तर ते मला लगेच सांगणार नाहीत, लांब राहणाऱ्या माणसाला कुणी लगेच काही सांगत नाही. एखादा कुणीतरी बॅटरी लावून विझवेल आणि म्हणेल, बघ, आप्पा पोचले. आणि मला कसं कळेल? फोनवर सगळ्यांचा उजेड एकसारखाच दिसतो.

एवढं लिहिलं आणि फोन वाजला.

सुरेश होता. दबक्या आवाजात म्हणाला की ते दुपारीच घरी पोचले, पण आप्पांनी कळवू दिलं नाही. दिवसा बॅटरी दावतात काय, म्हणाले, अंधार पडू दे. सुरेशचा फोनही उशाखाली घेऊन झोपले, आणि घरात रेंज नाही. मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण त्यानं तोवर फोनचा कॅमेरा फिरवला होता. समोर नुसता काळोख. फणसाची पानं हलल्यासारखी वाटली. मग उजेड लागला. पांढरा, आणि हलणारा. आप्पांचा उजेड कधी हलला नव्हता. मी बघत राहिले. विझला. मी पितळीला हात लावला नाही. पलीकडे कुणीतरी धापा टाकत होतं.

उजेड पुन्हा लागला. जमिनीवर पडला, एका जोडी चपलांवर आला, धोतराच्या काठावरून वर चढला, आणि उलटा फिरून आप्पांच्या स्वतःच्या तोंडावर थांबला. पांढरी दाढी वाढलेली, गाल आत गेलेले, डोळे त्या उजेडानं घट्ट मिटलेले. ते तसेच उभे राहिले, हात थरथरत होता तरी झोत तोंडावरून हटवला नाही.

"बघ नीट," ते म्हणाले. "मीच हाय. आता तुझी दाव."

मी पितळी उचलली, लावली आणि विझवली. आप्पांनी एक डोळा किलकिला करून फोनकडे बघितलं. मग मान घराकडे वळवली.

"पोचली," ते म्हणाले. "वाढ."